'डबल इंडेम्निटी': न मागितलेला दावा

बिली वाइल्डरच्या 'डबल इंडेम्निटी'त (१९४४) खून उघडकीला कसा येतो हे नीट पाहायचं असेल, तर विम्याच्या कागदांवर नजर ठेवा. पुढे शेवटासकट सगळं सांगितलेलं आहे. पण खून कुणी केला हे चित्रपटच पहिल्या काही मिनिटांत सांगून टाकतो, त्यामुळे फारसं काही बिघडत नाही.

वॉल्टर नेफ (फ्रेड मॅकमरे) हा लॉस एंजेलिसमधला विमा एजंट. मोटारीच्या विम्याच्या नूतनीकरणासाठी तो डिट्रिक्सन यांच्या घरी जातो आणि त्यांची बायको फिलिस (बार्बरा स्टॅनविक) त्याला विचारते, नवऱ्याला कळू न देता त्याचा अपघात विमा काढता येईल का? या प्रश्नाचा अर्थ नेफला लगेच कळतो. तो तिला झिडकारून निघून जातो, आणि तरीही अडकतो. इथे तिची ओढ जेवढी आहे तेवढाच त्याच्या धंद्यातल्या हुशारीचा माज आहे. कंपनी खोटे दावे कसे पकडते हे त्याने वर्षानुवर्षं जवळून पाहिलंय. आपण कंपनीला चकवू शकतो, ही खुमखुमी त्याच्यात आधीपासूनच असते.

योजना अशी. मोटारीच्या अर्जाची दुसरी प्रत आहे असं भासवून डिट्रिक्सनची अपघात विम्याच्या अर्जावर सही घ्यायची. विमा पन्नास हजार डॉलरचा. क्वचितच घडणाऱ्या काही अपघातांसाठी दुप्पट भरपाईचं, म्हणजे 'डबल इंडेम्निटी'चं, कलम असतं, त्यात आगगाडीतला मृत्यू बसतो, म्हणून मरण आगगाडीतूनच यायला हवं. मध्येच डिट्रिक्सनचा पाय मोडतो आणि बेत लांबतो. पण नेफला त्यातच सोय दिसते, कारण कुबड्या घेतलेल्या माणसाकडे बघताना लोकांचं लक्ष चेहऱ्याकडे कमी आणि पायाकडे जास्त जातं.

खुनाच्या रात्रीची तयारी वाइल्डर आणि सहलेखक रेमंड चँडलर बारीकसारीक तपशिलांसह दाखवतात. नेफ विम्याच्या दरांचं पुस्तक मुद्दाम ऑफिसात विसरतो, म्हणजे सहकाऱ्याला घरून फोन करायला कारण मिळतं आणि त्या फोनची नोंद राहते. मोटार धुवायला देऊन तो गॅरेजवाल्याशी बोलून ठेवतो. फोनच्या आणि दाराच्या घंटीत कागदाचे तुकडे अडकवतो, म्हणजे मागे कुणी घंटी वाजवली तर तुकडा पडलेला दिसेल. डिट्रिक्सनसारखाच निळा सूट घालतो आणि त्यांच्या मोटारीत मागच्या बाजूला खाली लपतो.

फिलिस इशारा म्हणून तीन वेळा हॉर्न वाजवते. खून पडद्यावर दिसतच नाही, कॅमेरा स्टॅनविकच्या चेहऱ्यावरून हलत नाही. सेन्सॉरचा धाक होता हे खरं, पण याहून भयंकर काही दाखवता आलं असतं असं मला वाटत नाही. पुढे नेफ डिट्रिक्सन बनून आगगाडीत चढतो, शेवटच्या डब्याच्या उघड्या सज्जावर जातो, तिथल्या प्रवाशाला सिगार आणायला पिटाळतो आणि उडी मारतो. मग दोघं मिळून प्रेत रुळांवर ठेवतात.

आता चूक कुठे होते ते पाहा. कंपनीचा प्रमुख ही आत्महत्या ठरवू पाहतो. दावे तपासणारा बार्टन कीज (एडवर्ड जी. रॉबिन्सन) आत्महत्यांचे तक्ते तोंडपाठ म्हणून दाखवतो आणि त्याचं म्हणणं मोडून काढतो: ताशी पंधरा मैलांनी चाललेल्या गाडीच्या मागून उडी मारून कुणी जीव देत नाही. रॉबिन्सन हे सगळं एका दमात म्हणतो, आणि आकड्यांच्या यादीला इतका ताल देणारा दुसरा नट मला माहीत नाही. नेफला वाटतं, सुटलो. पण त्याच रात्री कीज त्याच्या घरी येतो. त्याच्या पोटात काहीतरी खुपतंय: पाय मोडला तेव्हा या माणसाने दावा का केला नाही? अपघात विमा होता, अपघात झाला होता, मग पैसे का मागितले नाहीत? उत्तर एकच निघतं, आपला विमा आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. नवऱ्याला अंधारात ठेवून घेतलेली सही हा सगळ्या बेताचा पाया होता, आणि बेत तिथेच फुटतो. लेखनाचं हे कसब मला या चित्रपटात सगळ्यात मोलाचं वाटतं.

त्याच प्रसंगात फिलिस बाहेर उघडणाऱ्या दाराच्या मागे लपते. अशा घरांची दारं खरं तर आत उघडतात, पण त्या क्षणी हे कुणाच्या लक्षात येत नाही.

मूळ कादंबरिका जेम्स एम. केनची, १९३६ मध्ये क्रमशः छापून आलेली. तिच्यामागे १९२७ चं न्यूयॉर्कमधलं रूथ स्नायडर प्रकरण आहे. तिने नवऱ्याच्या नकळत दुप्पट भरपाईचा विमा काढला आणि प्रियकर जड ग्रेच्या मदतीने त्याला मारलं. दोघांनाही १९२८ मध्ये विजेच्या खुर्चीत मृत्युदंड झाला. हॉलिवूडच्या सेन्सॉर कार्यालयाच्या विरोधामुळे ही कथा पडद्यावर यायला बरीच वर्षं गेली.

छायाचित्रकार जॉन साइट्झने डिट्रिक्सन यांच्या घरातली कोंदट हवा दिसावी म्हणून हवेत अॅल्युमिनियमचे बारीक कण सोडले. पट्ट्यांच्या पडद्यातून येणाऱ्या उन्हात ते धुळीसारखे चमकतात. प्रत चांगली असेल तरच हे दिसतं, म्हणून दिसेल ती धूसर प्रत पाहू नका.

पूर्ण चित्रपटात कीजला सिगारसाठी काडी सापडत नाही, ती नेफ पेटवून देतो. शेवटी जखमी नेफ दाराशी कोसळतो तेव्हा काडी कीज पेटवतो. वाइल्डरने यानंतर गॅस चेंबरमधल्या मृत्युदंडाचा प्रसंग खर्चिक सेट उभारून चित्रित केला होता, आणि नंतर तो काढून टाकला. हा निर्णय अचूक होता. गुन्हेगार समोरच्याच टेबलाशी बसला होता म्हणून तुला दिसला नाही, असं नेफ म्हणतो. त्याहूनही जवळ होतास, हे कीजचं उत्तर. एवढं बोलून झाल्यावर सरकारी शिक्षेला सांगण्यासारखं काहीच उरलेलं नव्हतं.