लंकावी: किनाऱ्यापलीकडचे पाच दिवस, मुलं आणि आजीसोबत

केबल कारचा डबा स्टेशनातून बाहेर पडला तसा सासूबाईंनी माझा दंड धरला, तो थेट मधल्या स्टेशनवर सोडला. खाली घनदाट जंगल, समोर मचिंचांग डोंगराचा उभा कडा, आणि सात वर्षांचा आमचा मुलगा काचेला नाक लावून खांब मोजत होता. मध्ये साडेनऊशे मीटरचा एक पट्टा असा आहे की तिथे एकही खांब नाही. तिथे त्याची मोजणी थांबली आणि तो एकदम गप्प झाला.

मलेशियातल्या या बेटावर बहुतेक जण वाळूसाठी येतात. आम्हीही राहायला पंताई चनांगच्या किनाऱ्यालाच होतो. पण इथे सूर्य सात-साडेसातला मावळतो, त्यामुळे किनारा रोज संध्याकाळसाठी राखून अख्खा दिवस बेटाच्या आतल्या भागाला देता येतो. मुलांसोबत जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच.

दुसरं सांगणं, डोंगर पहिल्याच स्वच्छ सकाळी उरकून घ्या. आमचा पहिला दिवस वाऱ्यात गेला, केबल कार बंद होती. दुसऱ्या दिवशी उघडताक्षणी पोहोचलो म्हणून वर लख्ख दिसलं. उतरताना बघितलं, तर शिखर ढगात गेलं होतं आणि खाली रांग लागली होती. देखभालीसाठीही ती अधूनमधून बंद असते, तेव्हा आदल्या रात्री त्यांच्या संकेतस्थळावर वेळापत्रक बघून घ्या. तिकीट आधी काढलं असेल, तर दिवस बदलता येतो का हेही विचारून ठेवा.

वरचं स्टेशन ७०८ मीटरवर आहे. तिथून जवळच तो प्रसिद्ध वळणदार पूल, १२५ मीटर लांब, सगळा भार एकाच तिरक्या खांबाला बांधलेल्या तारांवर. त्याचं तिकीट वेगळं. पुलापर्यंत पायऱ्यांची वाट आहे आणि उतारावरून तिरकी जाणारी लिफ्टही. गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल तर लिफ्टचे पैसे वाचवू नका; पायऱ्या उतरताना सोप्या वाटतात, दम लागतो तो परत चढताना. पुलावर काही ठिकाणी पायाखाली काच आहे. मुलगी त्यावर आडवी झोपून खाली बघत होती. सासूबाई कठड्याला धरून, पण अख्खा पूल चालल्या. मचिंचांगचे खडक पन्नास कोटी वर्षांहून जुने, आग्नेय आशियातल्या सर्वांत जुन्या खडकांपैकी. मुलीला हे सांगितल्यावर ती खडकावर तळहात ठेवून बराच वेळ उभी राहिली. त्या एका क्षणासाठी मी पुन्हा जाईन.

तिसऱ्या दिवशी किलिमची खारफुटी. २००७ मध्ये लंकावीला युनेस्कोच्या जिओपार्कचा, म्हणजे खडक-भूरूपांसाठी जपलेल्या प्रदेशाचा, दर्जा मिळाला, त्यातला हा चुनखडीच्या सुळक्यांचा आणि खाड्यांचा भाग. होडी स्वतंत्र घ्या, कारण एकत्र होडीत थांबायला वेळ देत नाहीत, आणि इथली खरी मजा थांबण्यात आहे. ओहोटीला इंजिन बंद केलं की चिखल हलायला लागतो. निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, पुढच्या परांवर रेलून बसलेल्या, मध्येच टुणकन उडी मारणाऱ्या. एकच नांगी मोठी असलेले खेकडे ती नांगी हात केल्यासारखी हलवत होते. मुलगा पंधरा मिनिटं त्यांना उलट हात करत बसला.

एक गोष्ट मात्र खटकली. आमच्या होडीवाल्याने ब्राह्मणी घारी बोलवायला पाण्यात कोंबडीची कातडी टाकायला सुरुवात केली. या घारींवरूनच बेटाचं नाव पडलं असं मानतात, ‘हेलांग’ म्हणजे घार आणि ‘कावी’ म्हणजे तांबूस. त्यांना असं भीक मागायला लावणं मला बघवेना. होडी ठरवतानाच ‘खायला घालायचं नाही’ असं स्पष्ट सांगा. घारी तशाही डोक्यावर घिरट्या घालत असतात. वटवाघळांच्या गुहेत विजेरी जमिनीकडे धरा, आणि माकडांपुढे खाऊची पिशवी उघडू नका, ती हातातून ओढून नेतात.

पावसाची सर आली की चनांगमधलं अंडरवॉटर वर्ल्ड. काचेचा बोगदा आणि पेंग्विन, दोन तास सहज जातात. शिरतानाच पेंग्विनच्या जेवणाची वेळ बघून घ्या. कुआह गावातला बारा मीटर उंच गरुडाचा पुतळा पाच मिनिटांचा फोटो आहे, मुद्दाम जाऊ नका, जेट्टीला जाता-येता बघा. महसुरीच्या समाधीला मात्र वेळ काढा. खोट्या आरोपावरून मारल्या गेलेल्या या सुनेने बेटाला सात पिढ्यांचा शाप दिला, अशी दंतकथा आहे. तिथलं खांबांवर उभं लाकडी मलय घर बघून सासूबाई ओट्यावर बसूनच राहिल्या.

फिरायला बस मिळेल असं धरू नका. आम्ही ग्रॅब या ॲपवरच्या टॅक्सीने फिरलो, पण किलिमहून परतीची गाडी मिळायला वेळ लागला, तेव्हा त्या दिवशी भाड्याची गाडी बरी. गाडी डावीकडूनच चालवायची आहे. आंतरराष्ट्रीय परवाना सोबत ठेवा. मलेशियाचं डिजिटल आगमनपत्र पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं, मुलांचंही वेगळं. शाकाहारी जेवणाची काळजी नको, चनांगला भारतीय खाणावळी बऱ्याच आहेत. डिसेंबर ते मार्च कोरडे महिने. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर डोंगरासाठी दोन सकाळी मोकळ्या ठेवा.