तिथीची पाऊणपट

डेस्टिनेशन वेडिंग म्हटलं की उदयपूरचा महाल नाहीतर गोव्याचा किनारा डोळ्यांसमोर येतो. आमच्या घराण्यातल्या पहिल्यावहिल्या डेस्टिनेशन वेडिंगचं डेस्टिनेशन होतं दादर पश्चिम. बायकोच्या भाचीला मुलगा मुंबईचा मिळाला, हॉल व्याह्यांच्या ओळखीतला निघाला, आणि परतवाड्याहून सव्वीस माणसं लग्नाच्या दोन दिवस आधीच येणार असं ठरलं. लग्न काय, लागायचं तेव्हा लागतं. पण मुंबई पाहायची राहिली तर नातेवाईक जन्मभर बोलून दाखवतील, असं मेहुण्याचं म्हणणं. पाहुण्यांना फिरवायचं खातं माझ्याकडे आलं. पात्रता एवढीच, की तीस वर्षं दादरला राहतो.

मुलीने लॅपटॉपवर रंगीत तक्ता करून दिला. त्यात ‘आउटडोअर’ असा वेगळा रकाना होता आणि सर्वांत वर बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान. तो तक्ता फोनवर आबाजींना वाचून दाखवला. आबाजी म्हणजे बायकोचे काका, वय अठ्ठ्याहत्तर, संत्र्याचा बगीचा, आणि घरातला शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी पहिल्या ओळीलाच थांबवलं.

“जवाईबुवा, मेळघाट आमच्या दारात हाय. बिबट्या पाहाले बोरिवलीले कायले येऊ? आमाले समुद्र दाखवा.”

हे बरोबरच होतं. शिवाय सोपं होतं. समुद्र आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर आहे.

मंडळी मार्गशीर्षातल्या शुद्ध एकादशीला सकाळी येऊन थडकली. सव्वीसांत चौदा जणांचा उपास. त्या साबुदाण्याच्या धावपळीवर वेगळं लिहावं लागेल. दुपारी साडेतीनला, संध्याकाळी मेंदी आहे म्हणून घाईघाईने, सगळ्यांना दादर चौपाटीवर नेलं. आबाजी पांढरंशुभ्र धोतर नेसून आले होते. कुणीतरी समुद्राला वाहायला नारळही आणला होता.

आणि समुद्र नव्हता.

म्हणजे लांब कुठेतरी होता. करड्या पाण्याची एक रेघ दिसत होती. तिच्या अलीकडे ओली काळपट वाळू, खडक, एक चपलेचा जोड, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि त्यांत काहीतरी शोधणारे कावळे. आबाजी बराच वेळ डोळ्यांवर हात धरून पाहत राहिले. मग अगदी हळू, जावयाचा अपमान होऊ नये अशा बेताने त्यांनी विचारलं, “कुठी गेला?”

मी ओहोटीविषयी काहीतरी बोललो. “मंग येईन कवा?” याचं उत्तर मला देता आलं नाही. पावसाळ्यात महापालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरतीची यादी काढते, तेवढ्यापुरतं आम्ही भरतीकडे पाहतो. तेही घरी जायची लोकल चालू राहील ना, एवढ्याचसाठी. एरवी समुद्र आहे की नाही हे कोण बघतं? तो आहेच. नारळ परत आला. दुसऱ्या दिवशी त्याची बर्फी झाली.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सकाळी खाली मासे घेऊन बसणाऱ्या कोळीणबाईंपाशी मी ही रड गायली. त्या पापलेटावर पाणी मारत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “काल एकादस व्हती ना? सवादोनला सुकती. साडेतीनला काय बघनार तुमी?” सुकती म्हणजे ओहोटी. हे घड्याळात न बघता कसं कळलं, विचारलं. तर म्हणाल्या, त्यात काय, तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. भरतीनंतर सहा तासांनी सुकती. परत सहा तासांनी भरती. पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याला जोर कमी. झालं. भरती रोज पाऊण तास, थोडी जास्तच, पुढे सरकते. कारण चंद्रही रोज तेवढाच उशिरा येतो. मी मोबाइल काढून अकरा गुणिले शून्य पूर्णांक पंचाहत्तर करायला लागलो, तेवढ्यात त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

त्या दिवशी द्वादशी. तक्त्याप्रमाणे गेटवे आणि घारापुरी. सोमवार नव्हता हे नशीब. सोमवारी ती लेणी बंद असतात. महादेवाची लेणी आणि सुट्टी नेमकी सोमवारी, हे ज्याने ठरवलं त्याला कुणीतरी विचारायला हवं.

गेटवेपाशी मी थोडी मार्गदर्शकगिरी केली. १९११ साली राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी आले, त्यांच्या स्वागतासाठी ही कमान. पण ते आले तेव्हा ती बांधलेलीच नव्हती. पुरी झाली १९२४ साली. “म्हणजे पाहुणे गेल्यावर तेरा वर्षांनी मांडव?” मेहुण्याने विचारलं. त्याचा मांडववाला सकाळपासून फोन उचलत नव्हता, त्यामुळे तो या माहितीने उगाचच सुखावला. इंग्रजांची शेवटची पलटण १९४८च्या फेब्रुवारीत याच कमानीतून परत गेली, हे सांगेपर्यंत निम्मी मंडळी कबुतरांकडे आणि उरलेली लाँचकडे गेली होती.

लाँचला तासभर लागतो. लाँचमध्ये पाणीच पाणी होतं, पण आबाजी खूश दिसेनात. “हा तं रस्ता झाला,” ते म्हणाले. “पाय कुठी बुडवावं?”

घारापुरीच्या शंभरावर पायऱ्या मात्र ते न थांबता चढले. सगळे त्रिमुखी सदाशिवासमोर फोटो काढत होते. वीसेक फूट उंच मूर्ती, काळोखातून हळूहळू पुढे येणारी. तिथे कुणीही गप्प होतं. मला मात्र लक्षात राहिलं ते दुसरंच शिल्प. शिवपार्वतीच्या लग्नाचं. बरीच मोडतोड झाली आहे, तरी पार्वतीची खाली झुकलेली मान अजून लाजते आहे. ब्रह्मदेव पौरोहित्याला बसलेत, मागे मुलीचे वडील. आबाजी जवळ गेले, बारीक डोळे करून बघितलं आणि म्हणाले, “नवरी उजव्या अंगाले उभी हाय. सप्तपदी व्हाची हाय अजून.” मी या लेण्यात तीनदा आलो असेन. हे मला कधी दिसलं नव्हतं. वऱ्हाडातल्या शेकडो लग्नांच्या पंगती उठवलेल्या माणसाला ते पहिल्या मिनिटाला दिसलं.

पार्वतीच्या पाठीमागे एक जण घडा घेऊन उभा आहे. तो चंद्र, मानेमागे कोर असलेला. लग्नात पाणी आणायचं काम त्याच्याकडे.

परतताना लाँचवर मी आबाजींना पाऊणपटीची गोष्ट सांगितली. ते एकदम ताठ बसले. “म्हणजे पाऊणकी?” त्यांच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत असत. छडीच्या धाकाने पाठ केलेलं ते सत्तर वर्षांत कशालाच लागलं नव्हतं असं नाही, कापसाच्या हिशेबाला लागलं होतं. पण समुद्रावर चालतं हे त्यांना नवीन होतं. लाँचच्या इंजिनाच्या आवाजात ते मोठ्याने म्हणायला लागले. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. शेजारचं गुजराती कुटुंब स्तोत्र चाललंय असं समजून अदबीने गप्प झालं. तेरावर येऊन आबाजी थांबले.

“तेरा पाऊण पावणेदहा. लग्न तेरसले हाय नं?”

त्रयोदशीचा मुहूर्त परतवाड्याच्या गुरुजींनी काढला होता. गुण, गोत्र, गुरुबळ सगळं पाहिलं होतं. भरती पाहायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

लग्न झालं. त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही, म्हणजे चांगलंच झालं. रात्री स्वागत समारंभाची पंगत संपत आली तेव्हा साडेनऊ वाजले होते. आबाजी व्याह्यांना नमस्कार करून उठले आणि चपला शोधायला लागले. त्यांच्यामागे त्यांची सून, मग दोन आत्या, मग पोरं. पैठण्या, फेटे, हातात मसाला पान. हॉलवाला मला विचारत होता, मंडळी रागावून चालली का?

चौपाटीच्या भिंतीपाशी पोचलो तर वाळू जवळजवळ उरलीच नव्हती. चंद्र बरोबर डोक्यावर होता, पाणी पायऱ्यांवर आपटत होतं. आबाजींनी धोतराचा काचा वर खोचला, सुनेचा हात धरला आणि दोन पायऱ्या उतरले. लाट आली ती पोटऱ्यांपर्यंत. दुसरी गुडघ्यापर्यंत. “आला बाप्पा,” ते म्हणाले आणि ओंजळ भरून पाणी डोळ्यांना लावलं. मग जिभेला लावून तोंड वाकडं केलं.

नारळ नव्हता, आदल्या दिवशीच खाऊन झाला होता. आत्याने पर्समधून ओटीतली सुपारी काढून दिली, ती वाहिली.

परत निघताना ते बोटांवर काहीतरी मोजत होते. “चौदा पाऊण साडेदहा,” म्हणाले. “जवाईबुवा, उद्या गाडी रात्रीची हाय नं?”