फर्मागुडीच्या चढावर थांबलेली मॉरिस

फोंडा तालुक्यात माझे गॅरेज आहे आणि गेली अनेक वर्षे मी मुख्यतः जुन्या गाड्यांचेच काम करतो. गोव्यात या कामाला तोटा नाही. पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या दशकात खनिजाच्या निर्यातीतून येथे पैसा खेळू लागला होता आणि परदेशी माल सहज मिळत होता. त्यामुळे ओपेल, मर्सिडीज, फोक्सवॅगन, मॉरिस अशा गाड्या 1961 च्या आधीच येथे आल्या आणि त्यांतल्या काही अजूनही त्याच घरांत आहेत. गेल्या हिवाळ्यात अशा गाड्यांच्या हौशी मालकांनी शनिवार-रविवार मेळावा भरवला, तेव्हा रविवारच्या फेरीत ताफ्याच्या शेवटी हत्यारे घेऊन राहण्याचे काम त्यांनी माझ्याकडे सोपवले.

शनिवारी पणजीत कांपालला गाड्या मांडल्या होत्या. चकाकणाऱ्या क्रोमपेक्षा माझे लक्ष गाड्यांच्या पोटाखाली जास्त होते. कोणत्या इंजिनातून तेल ठिबकते, कोणाच्या वायरींना नव्या टेपची ठिगळे आहेत, हे पाहत फिरताना मी एका मॉरिस मायनरपाशी थांबलो. 948 सीसी इंजिनाची, पोर्तुगीज काळात पणजीतच घेतलेली ही गाडी निवृत्त शिक्षिका असलेल्या एका बाई स्वतः चालवतात. बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली पाहून एक तरुण ती उलटी लागली आहे असे सांगू लागला, तेव्हा बाईंनी त्याला शांतपणे समजावले की त्या काळातल्या इंग्लिश गाड्यांची रचनाच तशी असते. आपल्या गाडीची इतकी माहिती असलेले मालक मला क्वचितच भेटतात.

रविवारी सकाळी ताफा रायबंदर, जुने गोवे, बाणस्तारी या मार्गाने निघाला. मंगेशी आणि म्हार्दोळ मागे पडेपर्यंत सर्व सुरळीत होते. फर्मागुडीचा चढ लागला आणि अर्ध्या वाटेवर मॉरिसने दोन-तीन आचके दिले आणि ती बंद पडली.

मी पोहोचेपर्यंत बॉनेटभोवती गर्दी झाली होती आणि निदानही होऊन गेले होते. "मेस्त, वेपर लॉक झालाय, पंपावर ओलं फडकं घालूया," असे सगळ्यांचे मत पडले, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन त्याची वाट अडली आहे. फडके घातले, दहा मिनिटे थांबलो. काही फरक पडला नाही. मग मी बाईंना फक्त इग्निशनची चावी फिरवायला सांगितली आणि सर्वांना गप्प राहण्याची विनंती केली. मॉरिसचा एसयू बनावटीचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप इंजिनामागच्या पत्र्यावर बसवलेला असतो. चावी फिरवली की तो टिकटिक करतो आणि कार्बोरेटरची, म्हणजे इंजिनासाठी हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाची, वाटी भरली की थांबतो. येथे तो भराभर वाजत होता आणि थांबतच नव्हता. याचा अर्थ पंप चालू होता, विजेचाही दोष नव्हता. तो पेट्रोलऐवजी दुसरे काहीतरी ओढत होता.

कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवून मी तिचे टोक बाटलीतल्या पेट्रोलमध्ये बुडवले. बुडबुडे येत राहिले, ते संपेचनात. टाकी मागे, डिकीखाली आणि पंप पुढे असल्यामुळे मधल्या सगळ्या लांबीत पेट्रोल ओढले जाते. तेथे चीर पडली तर पंप चालू असताना बाहेर थेंबही न पडता आत हवा शिरते, म्हणूनच अशी गळती डोळ्यांना सापडत नाही. सपाट रस्त्यावर इंजिनाची गरज थोडी, तेव्हा निभावून जाते. चढावर गाडीचे तोंड वर झाले की पेट्रोल अधिक उंच ओढावे लागते, त्यात इंजिन जास्त मागते, आणि नेमके तेव्हाच ते उपाशी राहते.

गाडीखाली शिरून मी हाताने नळी चाचपत गेलो. धातूच्या नळीचा एक गंजलेला भाग पूर्वी कोठल्याशा गॅरेजमध्ये कापून तेथे वीतभर रबरी पाइप जोडला होता. बाहेरून तो नवाकोरा दिसत होता. मी तो कापून उभा चिरला, तर आतला थर फुगून मऊ झाला होता आणि बोटाला काजळासारखा लागत होता. क्लिपजवळ नखाएवढी चीर होती. आता पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. साधे रबर त्याने फुगते, आणि आमच्या दमट हवेत महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत इथेनॉल पाणीही शोषून घेते, त्यामुळे टाकीला आतून गंज धरतो. आठवड्यातून एकदा तरी फिरणाऱ्या गाडीला हा त्रास बराच कमी होतो.

मी कामात असताना ताफ्यातल्या एका गृहस्थांनी बाईंना सल्ला दिला, "हा जुना पंप काढून टाका, इंजेक्शनच्या गाडीचा बसवा, कटकट कायमची मिटेल." बाईंनी माझ्याकडे पाहिले. "मेस्त्री, तुम्ही सांगाल तसं. बाबांची गाडी आहे, पण म्हणून उगाच हट्ट नाही करायचा मला."

मी स्पष्ट नकार दिला आणि तो आजही तितक्याच ठामपणे देईन. इंजेक्शनच्या, म्हणजे दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीच्या, पंपाचा दाब इतका असतो की एसयू कार्बोरेटरच्या वाटीत येणारे पेट्रोल रोखणारी इवलीशी सुई तो अडवू शकत नाही. पेट्रोल ओसंडते, आणि या इंजिनात कार्बोरेटरच्या खालीच सायलेन्सरकडे जाणारा तापलेला मॅनिफोल्ड असतो. अशा सोयीपायी गाडीला आग लागू शकते. शिवाय त्या दिवशी हा पंप निर्दोष होता. त्याने आपल्या आवाजाने दोष कोठे आहे ते आम्हाला सांगितले होते, आणि जे यंत्र इतके प्रामाणिकपणे बोलते त्याला काढून टाकण्याचा सल्ला मला मनापासून खटकतो. 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांच्या क्रमांकाची वेगळी नोंदणी दिली, तीही सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार नसतील तरच. कायद्याने राखलेला हा मूळपणा मेकॅनिकनेही राखायला हवा.

माझ्या पेटीत इथेनॉल सोसणारा पाइप होता. तो बसवला, क्लिपा आवळल्या, चावी फिरवली. टिकटिक काही क्षण चालली, मंदावली आणि थांबली. बाईंनी स्टार्टर ओढला आणि मॉरिस उरलेला चढ न अडखळता चढली.

फर्मागुडीला पोहोचल्यावर चिरलेला पाइप हातोहात फिरला आणि जेवण तसेच राहिले, कारण एकामागून एक बॉनेट उघडू लागले. एका फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनाजवळचा पाइप तर दाबताच तडकला. इंजिन मागे आणि आगीची शक्यता तेथेच, म्हणून तिला परतीच्या वाटेवर जाऊ न देता मी तेथेच पाइप बदलला. मॉरिस पुढच्या आठवड्यात माझ्याकडे आली. टाकी उतरवून धुतली, रबरी जोड काढून टाकीपासून पंपापर्यंत धातूची अखंड नळी घातली आणि पंपातला पेट्रोल ओढणारा पडदाही बदलला. यापुढे फेरीच्या आदल्या दिवशी प्रत्येक गाडीची पेट्रोलची नळी हात लावून तपासायची, असे आयोजकांनी ठरवले असून ती तपासणी मीच करणार आहे.