टीबी नव्हता, शेकाचा व्रण होता

तासगावकडचा एक मुलगा आईला घेऊन सांगलीत माझ्या ओपीडीत आला. पन्नाशी ओलांडलेली, द्राक्षबागेत राबणारी बाई. कोरडा खोकला आणि धाप. एक्स-रेत डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला डाग दिसला म्हणून दुसरीकडे टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. "दोन महिनं झालं, एक गोळी चुकवली न्हाई, पर धाप काय हटंना," मावशी म्हणाल्या. टोकाला डाग म्हटलं की आपल्याकडे आधी टीबीच आठवतो, आणि ते स्वाभाविकच आहे. पण ताप नव्हता, वजन घटलं नव्हतं, बेडका कधी तपासलाच नव्हता.

तपासताना छातीच्या मधोमध तिळाएवढा निळसर ठिपका दिसला. गोंदण आपल्या बायकांना नवं नाही, पण असा एकटा ठिपका तिथं कुणी हौसेनं गोंदवत नाही. कॅन्सरवर किरणांचा उपचार, म्हणजे रेडिएशन किंवा आपल्या बोलीत शेक, देताना मशीन रोज त्याच जागी लागावं म्हणून तो करतात.

"मावशी, शेक घेतला होता का?"

त्यांनी मान खाली घातली. मुलानं सांगितलं: दीड वर्षापूर्वी डाव्या स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन, केमो, मग शेक. गावात कळायला नको म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. कॅन्सरची ही लाज माणसाला किती महागात पडते!

सीटी स्कॅन पाहिला आणि शंका जवळजवळ फिटली. जंतूंचा आजार श्वासनळ्यांच्या वाटेनं, फुफ्फुसाच्या खंडांप्रमाणे पसरतो. हा डाग खंडांची हद्द न मानता, किरणांच्या कडेपाशी, पट्टीनं आखल्यासारखा सरळ थांबला होता. कॅन्सर काखेतल्या गाठींपर्यंत पोचल्यामुळे गळ्याच्या हाडावरही शेक दिलेला होता, आणि फुफ्फुसाचं टोक नेमकं त्याच्या मागे येतं. तरी दुर्बिणीनं फुफ्फुसाचा तो भाग धुऊन ते पाणी सीबीनॅटला, म्हणजे टीबीच्या जंतूंची जनुकं शोधणाऱ्या चाचणीला, पाठवलं. टीबी निघाला नाही. गोळ्या बंद केल्या.

किरण गाठीच्या पेशी मारतात तसे वाटेतल्या निरोगी फुफ्फुसालाही इजा करतात. साधारण एक ते सहा महिन्यांत सूज येते, तिला रेडिएशन न्यूमोनायटिस म्हणतात. त्या वेळी स्टिरॉइडचा उपयोग होतो. पुढे सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत त्या जागी तंतू साचत जातात, वायुकोश आक्रसतात, फुफ्फुस कडक होतं. मावशींना शेकानंतर तिसऱ्या महिन्यात खोकला झाला होता, तो औषधाच्या बाटलीवर निभावला. आता व्रण पक्का झाला होता, आणि तो विरघळवणारं औषध नाही. त्यातच जन्मभर चुलीचा धूर.

मुलगा चिडला. "मग शेक दिलाच कशाला?" त्याचा राग मला समजत होता. मी त्याला बसवून सांगितलं की काखेतल्या गाठींपर्यंत पोचलेला कॅन्सर पुन्हा उलटू नये म्हणून शेक लागतोच, आणि आज तुझी आई माझ्यासमोर बसली आहे त्यात त्या शेकाचाही वाटा आहे. फुफ्फुसाला कमीत कमी मार बसावा म्हणून किती भागावर २० ग्रेपेक्षा (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक) जास्त मात्रा जाते हे आधी मोजतात. तरी काही भाग वाटेत येतोच.

मावशींना व्हरांड्यात सहा मिनिटं चालवलं. ऑक्सिजन थोडाच उतरला. हा व्रण बहुधा दोनेक वर्षांत स्थिरावतो, त्यामुळे मला आशा वाटली. श्वासाचे व्यायाम, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी, चुलीऐवजी गॅस, एवढं ठरलं. शेकाचा कागद फाईलमध्ये सगळ्यात वर लावायला लावला.

"बागंत जाऊ का मग?"

जा म्हटलं, फक्त गंधकाची धुरळणी असेल त्या दिवशी नको.