भाड्याच्या घरातील दुरुस्ती : कोणती मालकाची, कोणती राहणाऱ्याची?

गेली काही वर्षे मी नोकरीनिमित्त ठाण्यात भाड्याच्या घरात राहतो आणि पुण्यातील स्वतःची सदनिका भाड्याने दिलेली आहे. नळ गळू लागला की ठाण्यात मी फोन करणारा असतो आणि पुण्यात फोन घेणारा. या दुहेरी भूमिकेमुळे माझे एक मत पक्के झाले आहे. दुरुस्तीला खर्च किती आला यावरून तो कोणी सोसायचा हे ठरवू नये. बिघाड कशामुळे झाला यावरून ठरवावे, आणि तेही करारावर सही होण्यापूर्वी लिहून घ्यावे. कारण बहुतेकांना वाटतो तसा कायदा या बाबतीत आपल्या मदतीला धावून येत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्याच्या कलम 14 नुसार, उलट करार नसेल तर जागा राहण्याजोग्या स्थितीत ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. मालकाने टाळाटाळ केली तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, तरीही हालचाल झाली नाही तर दुरुस्ती स्वतः करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी मुभा आहे. मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. म्हणजे मासिक भाडे वीस हजार असेल तर वर्षाला साठ हजारांपर्यंत. पावत्यांसह ठेवलेला हिशेब खर्चाचा पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो. ऐकायला हे चोख वाटते. परंतु हे कलम भाडेकरूसाठी आहे, आणि पुण्या-मुंबईत लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणारे आपण बहुतेक जण कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू नसून परवानाधारक, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची केवळ परवानगी मिळालेले, आहोत. आपल्यापुरता कायदा म्हणजे मुख्यतः करारात लिहिलेली वाक्ये. (या कलमाचा खरा आधार मिळायला हवा तो पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या, जुन्या घरांतील रहिवाशांना, पण तेथील भाडे इतके तुटपुंजे असते की त्याच्या चतुर्थांशात जिन्याची एक पायरीही दुरुस्त व्हायची नाही. मुंबई शहरातील उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळा कर भरणाऱ्या जुन्या, इमारतींच्या दुरुस्तीसाठी म्हाडाचे, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचे, वेगळे मंडळ लागते, ते उगाच नव्हे.)

केंद्र सरकारने 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात मात्र कोणती दुरुस्ती कोणाची, याची सरळ यादीच दिलेली आहे. इमारतीच्या बांधकामाशी संबंधित दुरुस्ती, भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचे रंगकाम, गरज पडेल तेव्हा पाण्याचे पाइप बदलणे आणि घराच्या आतील-बाहेरील वायरिंग ही कामे मालकाकडे आहेत. नळ आणि त्यांचे वॉशर, तुंबलेली मोरी, संडास, बेसिन, गिझर, स्विच आणि सॉकेट, कड्या-कुलपे, खिडकीची काच, डासांच्या जाळ्या ही कामे राहणाऱ्याकडे आहेत. हा केवळ नमुना आहे. राज्याने त्यानुसार कायदा केल्याशिवाय तो कोणाला बांधत नाही, आणि महाराष्ट्रात 1999 चा अधिनियमच चालतो. तरीही करार लिहिताना समोर ठेवायला ही यादी उपयोगी आहे. मालक आणि राहणारा दोघेही तिच्यावरून पाच मिनिटे बोलले, तरी पुढची पुष्कळ कटकट वाचते.

माझा या यादीवरचा मुख्य आक्षेप गिझरबद्दल आहे. ठाण्यातल्या घरी गिझर मूळचाच बसवलेला होता आणि आमच्या इमारतीला उन्हाळ्यात टँकरचे आणि बोअरचे पाणी मिसळून येते. पाणी कोमट येऊ लागले तेव्हा इलेक्ट्रिशियनने टाकी उघडून एलिमेंट बाहेर काढले. त्याच्यावर क्षाराचा इतका जाड पांढरा थर चढला होता की मूळची धातूची नळी दिसतच नव्हती, आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्याने ठोकल्यावर त्याचे तुकडे मोरीत पडले. शेजारचा, टाकी गंजू नये म्हणून बसवलेला मॅग्नेशियमचा दांडा झिजून काडीएवढा उरला होता. हा थर कित्येक वर्षांचा आहे, असे इलेक्ट्रिशियनने तेथल्या तेथे सांगितले, आणि मी त्या घरात आलो त्याच्या आधीपासून तो साचत असणार हे उघड होते. अशा वेळी गिझर भाडेकरूच्या यादीत आहे, एवढ्यावरून पूर्ण खर्च त्याच्या माथी मारणे न्याय्य नाही. नियमित साफसफाई राहणाऱ्याने करावी. आयुष्य संपलेला भाग मालकाने बदलावा. आमच्या मालकांनी ते मान्य केले, कारण मी त्यांना एलिमेंटचे छायाचित्र पाठवले होते. तोंडी सांगितले असते तर काय झाले असते, याची मला खात्री नाही.

हाच निकष उलट बाजूनेही लागू होतो. पुण्याच्या घरात स्वयंपाकघरातील सिंक वारंवार तुंबत असे, आणि प्रत्येक वेळी पाइपमधून चहाचा चोथा आणि थिजलेले तूप निघत असे. पाइप जुना आहे, म्हणून खर्च मालकाचा, असे राहणाऱ्यांचे म्हणणे होते. पाइप जुना होताच. पण तुंबला होता तो चोथ्यामुळे. तो खर्च मी दिला नाही आणि आजही देणार नाही.

खरी कसोटी लागते ती ओलीच्या वेळी. बेडरूमच्या भिंतीचे पोपडे निघू लागले, तर पाणी वरच्या मजल्यावरून येते की बाहेरच्या भिंतीतून की आपल्याच न्हाणीघरातून, हे आधी शोधावे लागते आणि त्यापूर्वी पैशांविषयी बोलणे व्यर्थ असते. चांगला प्लंबर न्हाणीचा ट्रॅप बंद करून जमिनीवर रंगीत पाणी एक दिवस साठवून ठेवतो आणि भिंतीवर किंवा खालच्या छतावर रंग उतरतो का ते पाहतो. शिवाय सगळे नळ बंद असताना मीटरचा काटा फिरतो का, हेही पाहतो. पावसाळ्यातच ओल येत असेल तर बाहेरच्या भिंतीवर संशय घ्यावा, बाराही महिने येत असेल तर पाइपवर. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची आणि बाहेरच्या भिंतींतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते, तर सदनिकेच्या आतील न्हाणीघर, सिंक यांमुळे होणारी गळती सभासदाने. येथे राहणाऱ्याची मोठी अडचण होते, कारण संस्थेचा संबंध सभासदाशी, म्हणजे मालकाशी असतो. राहणाऱ्याने कार्यालयात तक्रार दिली तरी ‘मालकांचे पत्र आणा’ असे उत्तर मिळते. घर भाड्याने दिल्याबद्दल मालक संस्थेला बिनभोगवटा शुल्क भरतो, पण त्यातून राहणाऱ्याला कोणताही आवाज मिळत नाही. म्हणून संस्थेशी पत्रव्यवहार करण्याची जबाबदारी मालकाची असेल, आणि तक्रार कळल्यापासून अमुक दिवसांत तो पत्र देईल, हे करारात असावे. मला हे कलम रंगकामाच्या कलमापेक्षा कितीतरी महत्त्वाचे वाटते. दलाल मात्र त्याचे नावही काढत नाहीत.

दलालाच्या छापील मसुद्यात सहसा एकच वाक्य असते : राहणाऱ्याने जागा आहे त्या स्थितीत ठेवावी आणि किरकोळ दुरुस्ती स्वखर्चाने करावी. कितीपर्यंतची दुरुस्ती किरकोळ, हे कोणीच लिहीत नाही. काही जण त्यावर दोन हजार रुपयांची मर्यादा घालतात. मग एकोणीसशेचे बिल निमूटपणे राहणारा भरतो आणि एकवीसशेच्या बिलावर आठवडाभर वाद चालतो. आमच्या पुण्याच्या करारात मी तीन गोष्टी घातल्या आहेत. वयामुळे निकामी झालेली वस्तू मालकाने बदलायची, वापरामुळे बिघडलेली राहणाऱ्याने दुरुस्त करायची आणि कारणाबद्दल मतभेद झाला तर दोघांना मान्य असलेल्या प्लंबरचे किंवा इलेक्ट्रिशियनचे म्हणणे ग्राह्य धरायचे. पाणी वाहून जाणे, वायर जळणे अशा तातडीच्या प्रसंगी राहणाऱ्याने वाट न पाहता काम करून घ्यावे आणि पावती दाखवून ती रक्कम पुढच्या भाड्यातून वळती करावी, असेही लिहिले आहे. कलम 14 परवानाधारकाला जे देत नाही, ते करारातून देता येते. घरातील वस्तूंची यादी कराराला जोडताना प्रत्येक वस्तूपुढे तिचे अंदाजे वय आम्ही लिहिले. फ्रिज सात वर्षांचा आहे हे पहिल्याच दिवशी मान्य झालेले असले की तो बंद पडल्यावर कोणाला संशयाने पाहण्याची वेळ येत नाही.

राहता राहिले रंगकाम. घर सोडताना रंगासाठी एका महिन्याचे भाडे डिपॉझिटमधून कापून घेण्याची प्रथा आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती कायद्यातच आहे असे लोक समजतात. आदर्श कायद्याने सफेदी मालकाकडे दिली आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 108 मध्येही पट्ट्याने (लीजवर) जागा घेणाऱ्याने ती मिळाली तशी परत करायची असली, तरी नेहमीच्या वापराने होणारी झीज त्यातून वगळली आहे. तीन वर्षांत भिंत मळणे ही झीजच आहे. टीव्हीसाठी पाडलेली आणि तशीच सोडलेली भोके ही झीज नव्हे. त्यामुळे भोके बुजवण्याचा खर्च कापावा, संपूर्ण घराच्या रंगाचा कापू नये. जो मालक एका महिन्याचे भाडे कापतो, त्याने रंगाऱ्याची पावती दाखवावी, अशी अट राहणाऱ्याने सही करण्यापूर्वीच घालावी. पुण्याच्या करारात ही अट मी स्वतःहून घातली, तेव्हा आमच्या दलालाने मसुदा दोनदा वाचून ‘हे तुम्ही मालक असून लिहिताय?’ असे विचारले.