काट्याचा पाया वॉटरफॉल, काट्याची पावती अ‍ॅजाइल

‘आमच्याकडे अ‍ॅजाइल आहे’, म्हणजे सॉफ्टवेअर थोडं-थोडं करून दाखवत, पुढची यादी बदलत नेतो, असं म्हणणाऱ्या टीमला दोनच प्रश्न विचारावेत. मागच्या दोन आठवड्यांत वापरता येईल असं काय तयार झालं? आणि ते पाहून पुढच्या कामांच्या यादीत काय बदललं? दुसऱ्याचं उत्तर आलं नाही तर रोज सकाळची उभ्याने घेतलेली मीटिंग ही नुसती हजेरी आहे.

अ‍ॅजाइल आणि वॉटरफॉल (सगळं आधी ठरवून एकामागून एक पायऱ्या उतरायच्या) या दोन पद्धतींची तुलना बहुतेक वेळा मोबाइल अ‍ॅपच्या उदाहरणावर होते. तिथे अ‍ॅजाइलच जिंकणार. म्हणून आपल्याकडचं काम घेऊ. लातूर-धाराशिव पट्ट्यातल्या एखाद्या साखर कारखान्याला नवा वजनकाटा बसवायचाय आणि ऊसनोंदीपासून बिलापर्यंतचं सॉफ्टवेअर नव्याने करायचंय. जून लागलाय. मोळी पडणार, म्हणजे गाळप सुरू होणार, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, आणि गाळपाची तारीख सरकार ठरवतं, आपण नाही. हातात साधारण 22 आठवडे.

जुन्या, म्हणजे वॉटरफॉल पद्धतीने याची वाटणी अशी होते: गरजा लिहून घ्यायला 4 आठवडे, आराखडा 4, कोडिंग 8, टेस्टिंग 4, बसवणं 2. कागदावर बेरीज जुळते. पण कोडिंग तीन आठवडे लांबलं की कात्री टेस्टिंगलाच लागते, कारण शेवटची तारीख हलत नाही. मग चार आठवड्यांची तपासणी एका आठवड्यात उरकायची, आणि चुका सापडायच्या त्या काट्यावर ट्रॅक्टरची रांग लागल्यावर. गंमत म्हणजे सॉफ्टवेअर अभियंते विन्स्टन रॉइस यांच्या 1970 च्या ज्या लेखातली पायऱ्यांची आकृती वॉटरफॉलची जन्मखूण मानली जाते, त्याच लेखात त्यांनी ही सरळ उतरण धोक्याची असल्याचं लिहिलंय. लोकांनी आकृती उचलली, पुढचा मजकूर सोडला.

तरीही काट्याचा पाया मात्र याच पद्धतीने करायचा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरूम किंवा कठीण थर लागेपर्यंत खाली न्यावा लागतो. काँक्रीटची ताकद 28 दिवसांच्या क्युरिंगवर धरतात. मग प्लॅटफॉर्म, त्याखालचे भार मोजणारे लोडसेल, आणि शेवटी वैधमापन खात्याची पडताळणी. यातलं काहीच ‘पुढच्या स्प्रिंटमध्ये (अ‍ॅजाइलमधल्या कामाच्या छोट्या ठरावीक टप्प्यात) सुधारू’ म्हणत करता येत नाही. ओतलेला पाया उकरायचा खर्च नव्या पायापेक्षा जास्त. इथे गँट चार्ट (कोणतं काम कधी सुरू, कधी संपणार हे पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता) हवा, कोणतं काम कशावर अडलंय ते स्पष्ट दिसायला हवं, आणि त्या साखळीत एक दिवस गेला तर तो कुठून भरून काढायचा हे आधीच ठरलेलं हवं.

पावतीचं तसं नाही. मराठवाड्यात ऊस किती मिळणार हे ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसाशिवाय कळत नाही. पाऊस कमी झाला की कार्यक्षेत्राबाहेरचा गेटकेन वाढतो. नोंद नसलेल्या उसाला पावती कशी द्यायची हा जूनमधला किरकोळ मुद्दा सप्टेंबरात पहिल्या नंबरवर येतो. जूनमध्ये सही-शिक्का मारून बंद केलेल्या गरजांच्या कागदात त्याला जागा नसते.

म्हणून सॉफ्टवेअरला दोन-दोन आठवड्यांचे दहा स्प्रिंट आणि शेवटचे दोन आठवडे राखीव. पहिल्या दोन स्प्रिंटमध्ये सगळे स्क्रीन करत बसायचं नाही. एक शेतकरी, एक ट्रक, भरलेलं वजन, रिकामं वजन, पावती छापली, बस. ही बारीक वाट आरपार आधी काढायची, कारण खरा धोका तिथेच आहे. काट्याच्या इंडिकेटरकडून (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या यंत्राकडून) केबलने आकडे सतत येत राहतात. गाडी हलत असताना आलेला आकडा उचलला की शेतकऱ्याशी भांडण ठरलेलं. वजन स्थिर झालंय हे ओळखायचं कसं, हे जुन्या काट्यावर जूनमध्येच तपासता येतं. त्यानंतर बैलगाडी, मग दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्यांत दोन वेगळ्या शेतकऱ्यांचा ऊस असला तर काय, हा प्रश्न काट्यावरचा क्लार्क डेमो पाहताना विचारतो. कॉन्फरन्स रूममध्ये तो कुणालाच सुचत नाही.

आता हिशेब. प्रत्येक काम किती मोठं, याचा टीमने लावलेला अंदाज म्हणजे पॉइंट. पहिल्या तीन स्प्रिंटमध्ये टीमने 18, 22 आणि 20 पॉइंटचं काम पूर्ण केलं, म्हणजे सरासरी 20. यादीत 170 पॉइंट उरलेत, स्प्रिंट उरलेत 7. 140 होतील, 30 बाहेर. हे जुलैतच कळतं, आणि अ‍ॅजाइलची खरी कमाई हीच. संचालकांसाठीचे रंगीत आलेख बाहेर काढा, वजन-पावती-बिल ठेवा. एक पॉइंट म्हणजे आठ तास असा भाव मात्र लावू नका. पॉइंट कामांची एकमेकांशी तुलना करायला असतात. मजुरी लावली की टीम आकडे फुगवते आणि सरासरीला काही अर्थ उरत नाही.

बिलाचा भाग सगळ्यांत फसवा. ऊस नियंत्रण आदेश, 1966 नुसार ऊस आल्यापासून 14 दिवसांत एफआरपीचे (सरकारने ठरवलेल्या किमान ऊसदराचे) पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वार्षिक 15 टक्के व्याज. म्हणजे पहिल्या दिवशी पावती लागतेच, बिल तांत्रिकदृष्ट्या दोन आठवड्यांनी चालेल. पण तेवढ्यावर विसंबू नये. तोडणी-वाहतूक खर्च, सोसायटीची कर्जकपात, कोणती कपात आधी, कोणती नंतर, हे नियम लोकांच्या डोक्यात असतात. ते लिहूनच घ्यावे लागतात. ‘अ‍ॅजाइलमध्ये कागद नसतो’ हा आळशांचा शोध आहे. अ‍ॅजाइलच्या 2001 च्या जाहीरनाम्यात चालत्या सॉफ्टवेअरला कागदापेक्षा जास्त मोल दिलंय, कागद फेकायला सांगितलेलं नाही. तपासणीसाठी मागच्या हंगामातला एक पंधरवडा घ्यायचा, त्याची बिलं नव्या सॉफ्टवेअरमधून काढायची आणि रुपयापर्यंत ताळा बसवायचा.

हे सगळं बिघडतं ते बहुधा माणसांपायी. शेतकी विभाग म्हणतो ऊसनोंद आधी, काटा म्हणतो पावती आधी, अकाउंट म्हणतं बिल आधी. प्रॉडक्ट ओनर (कामांच्या यादीचा मालक) म्हणून नेमलेल्या माणसाला यातला क्रम स्वतः ठरवता आला पाहिजे. प्रत्येक गोष्ट कार्यकारी संचालकांच्या सहीसाठी गेली आणि फाइल आठ दिवसांनी परत आली, तर दोन आठवड्यांच्या स्प्रिंटचा अर्धा जीव तिथेच गेला. ‘पूर्ण’ म्हणजे काय हेही आधी ठरवा. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर चाललं म्हणजे पूर्ण नव्हे. काट्याच्या खोलीतल्या प्रिंटरवर, रात्रपाळीच्या क्लार्कने, कुणाला न विचारता पावती काढली की पूर्ण.

दुसरी अडचण कराराची. काम ठोक रकमेत दिलेलं असतं, यादी करारात गोठलेली, आणि वर स्प्रिंट. मग प्रत्येक बदलाला जादा बिल आणि वाद. करारात एक कलम घातलं तर बराच ताण जातो: नवं काम आत घ्यायचं असेल तर तेवढ्याच पॉइंटचं न सुरू झालेलं काम बाहेर जाईल, रक्कम आणि तारीख तीच. पैसे टप्प्याने, चालू डेमो पाहून.

राखीव दोन आठवड्यांत नवीन काहीही घ्यायचं नाही, अध्यक्षांचा फोन आला तरी. नव्या काट्यावर तीनही पाळ्यांत गाड्या चढवून पाहायच्या, मधेच वीज घालवायची, नेट तोडायचं. छापील पावतीपुस्तकं काट्याच्या खोलीत ठेवायची, आणि हाताने लिहिलेल्या पावत्या नंतर सॉफ्टवेअरमध्ये चढवताना नंबर दुबार होत नाहीत ना, हे त्याच आठवड्यात बघायचं.