काकूंनी वाजवून घेतलेली कौलं

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. आठवडाभराने श्रीवर्धन तालुक्यातल्या एका बंगल्यावर मला छप्पर दुरुस्तीसाठी बोलावणं आलं. समुद्र हाकेच्या अंतरावर. मधली सुपारीची वाडी आडवी झालेली, वीज नाही, आणि छपराच्या समुद्राकडच्या पाख्यावरची, म्हणजे उतारावरची, निम्मी कौलं अंगणात.

काकू एकट्याच होत्या. आधी येऊन गेलेल्या माणसाने त्यांना सांगितलं होतं, "लाकूड कुजलंय, सगळं उतरवा आणि पत्रे टाका." मी वर चढलो. वाशांना पटाशी टोचून पाहिली. जुनं किंजळाचं लाकूड, टोक आत शिरेना. मग वाशांवर ठोकलेल्या, कौलं पेलणाऱ्या रिपा उचकटल्या कशा? एक खिळा उपटायला गेलो तर चिमटीत त्याचा चुराच झाला. माथा जागेवर, खाली नुसता गंज. खाऱ्या हवेने लोखंड खाल्लं होतं आणि बाहेरून काही दिसत नव्हतं. वळचणीखालून वारा शिरला, वरून ओढ बसली, रिपा कौलांसकट उचलल्या गेल्या. साध्या लोखंडी जे-बोल्टने, म्हणजे आकड्याच्या बोल्टने, मारलेले पत्रेही काही वर्षांनी असेच उडाले असते. धड लाकूड उतरवायला सांगणाऱ्या त्या सल्ल्याचा मला अजून राग येतो.

खरी अडचण कौलांची. एका ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, दीडशेच्या आसपास मंगलोरी कौलं लागतात आणि त्या दिवसांत ती मिळत नव्हती. म्हणून अंगणातलीच निवडायची ठरवली. कौल तळहातावर तोलायचं आणि बोटाच्या पेराने वाजवायचं. खणकन वाजलं तर धड, बद्द वाजलं तर कुठेतरी केसाएवढी चीर. मी दोन-चार वाजवून दाखवली. काकू पायरीवर बसल्या. "दे इकडे. मडकी घेताना जन्मभर हेच केलंय रे."

दुपारपर्यंत त्यांनी तीनेकशे कौलं वेगळी काढली. मी धड म्हणून ठेवलेलं एक त्यांनी परत उचललं. उन्हात तिरपं धरून पाहिलं, तर रिपेला अडकतं त्या नाकाशी बारीक चीर.

सोबत आणलेल्या स्टेनलेसच्या स्क्रूंनी रिपा कसून घेतल्या. वळचणीच्या दोन ओळी तांब्याच्या तारेने बांधल्या, कारण वारा पहिला हात तिथेच घालतो.

संध्याकाळी पाऊस आला तेव्हा देवघर आणि स्वयंपाकघर झाकून झालं होतं, बाकीवर ताडपत्री. काकू चुलीपाशी मान वर करून बघत राहिल्या. तिथे थेंब नव्हता. माजघरात मात्र त्या रात्री दोन घमेली ठेवावी लागली.